उपाशी गोधडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. वडील शिरूरला मिशनच्या आवारात वॉचमन होते. आई त्याच आवारातल्या शाळेत झाडलोट करायची. मी बी.ए. झाले, मग समाजकार्याची पदवी घेतली आणि फिरून त्याच आवारात नोकरीला लागले. फरक एवढाच, की वडील गेटपाशी स्टुलावर बसायचे आणि मला आत टेबल-खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी वडील मुद्दाम आत येऊन ती खुर्ची हलवून बघून गेले. म्हणाले, "डुगडुगत न्हाई."

नोकरी होती गोधडी केंद्रात. आसपासच्या गावांतल्या गरीब बायका सकाळच्या एस.टी.नं यायच्या, दिवसभर गोधड्या शिवायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. कापड मिशन द्यायचं, तयार माल पुण्याच्या दुकानांत जायचा. बायका बहुतेक हिंदू. धर्म बदला असं त्यांना कुणी सांगत नसे, मीही कधी सांगितलं नाही. फक्त काम सुरू होण्याआधी 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रार्थना असायची आणि ती म्हणणं माझ्याकडे होतं. मी ती हजेरी घ्यावी तशी म्हणायचे. डोळे मिटलेले, तोंड पाठ असलेलं बोलतंय आणि डोक्यात आज अस्तराचं कापड पुरेल का याची काळजी. देवावर माझा राग नव्हता. रेशनकार्डावर आडनाव असतं तसा तो आमच्या घरात होता. खोडायचं काही कारण नव्हतं, आणि रोज उघडून वाचावं असंही काही नव्हतं.

केंद्रातली सगळ्यांत जुनी बाई न्हावऱ्याची. तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. नवरा वारलेला, मुलगा रांजणगावला कंपनीत कंत्राटावर. आक्काचा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. माझ्या पहिल्याच दिवशी तिनं भर खोलीत विचारलं होतं, "म्याडम, सुईत दोरा ववता येतोय का? का त्येबी कालेजात शिकवत्यात?"

मी तिच्या हातातली सुई घेतली आणि एका फटक्यात ओवून दिली. लहानपणी आजीला मीच ओवून द्यायचे.

"मंग बसा," आक्का म्हणाली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

आमच्याकडे गोधडी बंद करायची एक रीत आहे. सगळे धावदोरे घालून झाले की शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा वाळका तुकडा, नखाएवढाच, चिंधीत गुंडाळून सारतात आणि मग कोपरा शिवून टाकतात. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. उपाशी गोधडी पांघरली तर पांघरणाऱ्याचं पोट कधी भरत नाही, असं मानतात. केंद्रात मात्र घास बंद होता. एका दुकानात घडी घालून ठेवलेल्या गोधड्यांना मुंग्या लागल्या, मग उंदरांनी कोपरे कुरतडले आणि सगळा माल परत आला. तेव्हापासूनचा नियम, मी यायच्या आधीचा. मी तो पाळायला लावला आणि आजही लावते, कारण नियम बरोबर आहे.

बायका सुरुवातीला कुरकुरायच्या. "मिशनच्या गोधडीला बारा महिने उपास," आक्का म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. पण हातांना सवय लागते. वर्षं गेली, तसा कोपरा उघडा ठेवायचंच सगळ्या विसरल्या.

आक्काची एकुलती मुलगी भीमेच्या पलीकडे, दौंडजवळच्या एका गावात दिलेली. जेमतेम बागायत, चार गाई, ऊस. श्रावणात ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मागं राहिली तीन वर्षांची थोरली मुलगी. दहाव्याला आक्का जाऊन आली, तेव्हा नात तिच्या मांडीवर बसली होती म्हणे. त्यानंतर दिवाळी आली, गेली. मग केंद्रात नाताळाचा कार्यक्रम झाला. बायकांनी हातात मेणबत्त्या धरून गाणी म्हटली, कुणीतरी फोटो काढले आणि कुणीतरी ते स्टेटसला टाकले. त्यातल्या एका फोटोत आक्का माझ्या शेजारी मेणबत्ती घेऊन उभी होती. फोटो फिरत फिरत दौंडला पोचला.

व्याह्यांचा फोन आला. आक्कानं स्पीकर लावला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ऐकला. तुम्ही बाटलात, तुमच्या घरातला देव गेला म्हणून पोरगी गेली, आता आमच्या पोरीला तुमची सावली नको. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आक्कानं मिश्रीची डबी उघडली, बोट फिरवलं, आणि म्हणाली, "लाईट गेल्यावर समदीच मेनबत्ती धरत्यात की." पण हसू कुणालाच आलं नाही. तिलाही नाही.

त्यानंतर कळलं की जावयाचं दुसरं लग्न ठरतंय. म्हणजे काय, ते आक्काला कुणी समजवायची गरज नव्हती. नवी सून आली की त्या दारात जुन्या सुनेच्या आईला जागा राहत नाही. आत्ता नातीचं तोंड दिसलं तर दिसलं.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. तेव्हाच्या तीन साड्या न्हावऱ्याला पेटीत राहिल्या होत्या. एक सुती, दोन नायलॉनच्या. आक्कानं त्या केंद्रात आणल्या आणि जेवणाच्या सुट्टीत शिवायला घेतल्या. नायलॉन सुईखाली सरकतं, म्हणून ती ते सुतीच्या दोन थरांत दाबून टाके घालायची. इतर बायका भाकरी सोडून बघत बसायच्या. एकदा एक जण म्हणाली, "आक्का, इतकं बारीक टाकं? इकायची हाय का काय?" आक्का म्हणाली, "इकायची असती तर ढांगा टाकल्या असत्या." गोधडी पुरी झाली त्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी चला माझ्यासंगं. शिकल्यालं मानूस असलं की दारातनं हाकलत न्हाईत."

मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. मी लगेच हो म्हटलं.

जानेवारीचे दिवस होते. गोधडी खताच्या धुतलेल्या गोणीत घालून आक्का न्हावऱ्याला माझ्या एस.टी.त चढली. तिचा मुलगा स्टँडवर आला होता. त्यानं मला बजावलं, "ताई, उजेडातच माघारी या. उसात बिबट्या फिरतोय." आईशी तो बोलला नाही. त्याचं म्हणणं होतं की गेलेली बहीण गेली, आता त्या दारात जाऊन आणखी अपमान कशाला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मळीचा वास. भीमेच्या पुलावर आक्कानं खिडकीतून हात जोडले, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चालतंय ना तुमाला?" मी म्हटलं, "मला काय विचारता? जोडा." ती गोणी मांडीवर घेऊन बसली होती, लहान मूल घ्यावं तशी, आणि मनातल्या मनात ओठ हलवत होती. काय बोलायचं ते ठरवत असणार.

घर रस्त्यापासून आत, उसाला लागून. पत्र्याचा गोठा, पुढं सिमेंटचं अंगण. व्याही बाजेवर मोबाईल बघत पडले होते. विहीण गाईपुढं वैरण टाकत होती. आम्हाला बघून ती तशीच उभी राहिली, हातात पेंढी.

"या म्हनायला पायजे," ती म्हणाली, "पर म्हनवत न्हाई."

"बसायला न्हाईच आले, इहीणबाई. पोरीला वाकळ आनलीया. तिच्या आईच्या साड्यांची."

व्याह्यांनी मान वर केली. "आन् ह्या कोन? मिशनवाल्या?"

मी पुढं झाले. "मी केंद्रात असते. आक्कांनी धर्म बदललेला नाही. मी ख्रिस्ती आहे, त्या नाहीत. त्या तिथं शिवायला येतात, बास."

"म्हंजी तुमी हायेच. मंग हिथं कशाला आलाय, फोटू काढायला?"

मला पुष्कळ बोलता आलं असतं. कायदा माहीत होता, आजीचा हक्क माहीत होता, आणि आवाजही माझा कमी नाही. पण आक्कानं कोपरानं मला मागं सारलं आणि गोणीतून गोधडी काढून अंगणात अंथरली. आतून नातीचा आवाज येत होता. "हितं न्हाई बसायचं, हल तिकडं," असं ती मांजराला की बाहुलीला दरडावत होती. आक्काचे हात गोधडीवर तसेच थांबले. मग तिनं परत सुरकुती सारखी केली.

विहीण जवळ आली. पेंढी खाली ठेवून, पदराला हात पुसून गोधडीपाशी उकिडवी बसली. साड्या तिनं ओळखल्या असाव्यात, कारण सुती साडीच्या काठावर तिचा हात जरा वेळ थांबला. मग तिनं अंगठ्यानं एकेक कोपरा दाबून बघितला. सगळे बघितले. पुन्हा पहिल्यावर आली.

"घास कुठंय?"

आक्कानं स्वतः कोपरा चाचपला. मला तिचा चेहरा दिसत होता. ती फसवत नव्हती, लपवत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. केंद्रात इतकी वर्षं रिकामे कोपरे शिवलेल्या हातांनी हाही कोपरा रिकामाच शिवला होता.

"ऱ्हायला," ती म्हणाली.

"ऱ्हायला?" विहीण उठली. "आई गेलेल्या लेकराला उपाशी वाकळ आनलीत? हेच शिकवत्यात तिथं?"

हे बाटण्यापेक्षा वाईट होतं. मेणबत्तीला उत्तर होतं, याला नव्हतं. आमच्याकडचा तो नियम आहे, असं मी म्हणाले असते तर आक्का आणखीच खोलात गेली असती.

आक्कानं घाईघाईनं पिशवीतली फडक्यात बांधलेली भाकरी काढली. "हाय माझ्याकडं. आत्ता घालते. सुई हाय."

"ती नगं. कुठल्या तव्यावरची, कुनाच्या हाताची. माझ्या नातीच्या अंगावर ती न्हाई यायची."

"मंग तुमच्या घरची द्या."

व्याही बाजेवरून म्हणाले, "काय बी द्यायचं न्हाई. गोनी उचला आन् निगा. आमचं पाव्हनं यायचंत." पाहुणे म्हणजे नव्या सुनेकडचे, हे न सांगता कळलं. विहीण वळली आणि घरात गेली.

आक्का उन्हात गोधडीच्या कडेला तशीच बसली. भाकरी हातात. मी तिच्या मागं उभी. त्या क्षणी माझ्या पदव्या, माझी टेबल-खुर्ची, माझा आवाज, कशाचाच काही उपयोग नव्हता. आणि माझ्या लक्षात आलं की मी मनात काहीतरी मागतेय. नात भेटू दे, असं नव्हतं ते. तेवढं मोठं मागायचा मला धीर झाला नाही. या घरातून भाकरीचा एक तुकडा बाहेर येऊ दे, एवढंच. लहानपणापासून रोज तोंडानं भाकर मागत आले, पण ती मिळावी असं खरोखर वाटून मागितली ती त्या अंगणात पहिल्यांदा. डोळे उघडे होते. समोर गाय रवंथ करत होती.

विहीण बाहेर आली. हातात सकाळच्या भाकरीचा पापुद्रा होता. नवऱ्याकडं न बघता ती गोधडीपाशी बसली आणि तुकडा आक्कापुढं धरला.

आक्कानं दातांनी कोपऱ्याचा दोरा तोडला. घास चिंधीत बांधला, आत सारला, ब्लाउजला टोचलेली सुई काढली. गोधडीला ताण नसला की टाका ढिला पडतो. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरावी लागते. मी वाकणार होते, तेवढ्यात विहिणीनं धरली. दोघींनाही ते सांगावं लागलं नाही. एक शिवत होती, एक धरून होती.

"रातीची उठती आन् 'आये' म्हनती," विहीण खाली बघतच पुटपुटली. "मीच ओ देते."

आक्काचा हात थांबला नाही. "द्या," ती म्हणाली. "तुमीच द्या."

कोपरा शिवून झाला. विहिणीनं गोधडीची घडी घातली आणि काखेत घेतली.

"तोंड तरी दावा," आक्का म्हणाली.

"झोपलीया."

आतून पुन्हा आवाज आला. "हल म्हनलं ना!" तो आम्हा तिघींनाही ऐकू आला. व्याही बाजेवरून उठले, चप्पल शोधू लागले. विहीण आत गेली आणि दार लोटलं गेलं.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलो. आक्कानं ती नाकारलेली भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. मी म्हटलं, "मला नको आक्का."

"खा. टाकायची व्हय?"

आम्ही खाल्ली. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ भाकरीवर बसत होती, तरी खाल्ली. आक्का रडली नाही. मला वाटलं होतं ती मला बोलेल, नियमाला बोलेल, केंद्राला बोलेल. ती एवढंच म्हणाली, "आवाज बसलाय वाटतं पोरीचा. सर्दी झाली आसंल."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली. कुणी काय झालं विचारलं तर म्हणायची, "वाकळ ठिवून घेतली." मी प्रार्थना म्हणायला उभी राहिले आणि भाकरीच्या ओळीपाशी थांबले. बायकांनी डोळे उघडून बघितलं. आक्कानं उघडले नाहीत. मी पुढं म्हणाले.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं. वर्षाच्या अहवालासाठी त्यांनी माझ्याकडं साक्ष मागितली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते लिहायचं. मी म्हटलं, "साहेब, काय लिहू? भाकरीचा तुकडा मागितला, तो मिळाला. नात नाही मिळाली."

ते म्हणाले, "शेवट जरा आशेचा करा."

"शेवट माझ्या हातात आहे का?" मी म्हटलं, आणि लिहून दिलं नाही. ते चांगले गृहस्थ आहेत, पुन्हा मागितलं नाही. पण त्यांना सांगता आलं नाही ते इथं सांगते. तुकडा मिळाला तो माझ्या मागण्यानं मिळाला, असा माझा दावा नाही. विहिणीच्या मनात काय झालं ते तिचं तिला माहीत. मात्र त्या दिवसापासून मी मागते आणि मागताना मला ते हवं असतं. जे हवं ते बहुतेक वेळा मिळत नाही. तरी मागते. माझ्या विश्वासाचं माप एवढंच आहे, आणि माझ्यापुरतं ते मोजून घेतलेलं आहे.

आक्काचा बाप्तिस्मा झालेला नाही. तिनं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. विकायच्या गोधड्यांत घास अजूनही घालायचा नाही.

उन्हाळ्यात जावयाचं लग्न झालं. त्यानंतर आक्का दोनदा एकटी दौंडला गेली आणि दारातूनच परत आली. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. या वेळी गोणी नव्हती, खाऊ नव्हता. आक्का म्हणाली, "न्हेलं तर फेकून देत्याल. नुसतं जाऊन येऊ."

दाराला कुलूप होतं. गोठ्यात गाई होत्या, माणसं कुठं शेतावर किंवा लग्नाला गेली असावीत. आक्कानं हाक मारली. दोनदा मारली. उसात वारा वाजत होता, दुसरं काही नाही.

गोठ्याच्या बाजूला दोरीवर ती गोधडी वाळत घातली होती. मी लांबूनच ओळखली. आक्का जवळ गेली. मधोमध ओली होती, आणि रंग उडाला होता तिथं, पुन्हा पुन्हा धुतल्यासारखा. आक्कानं ओल्या जागी हात ठेवला, मग वाकून वास घेतला.

"मुतती अजून अंथरुनात," ती म्हणाली. "हीच पोरीच्या अंगाखाली घालत्यात म्हंजी."

ऊन दुसऱ्या बाजूला सरकलं होतं. आक्कानं गोधडी दोरीवरून उतरवली, उलटी केली, ओली बाजू उन्हाकडं आणली आणि कडा सारख्या करून परत टाकली. मग आम्ही फाट्याकडं निघालो.